तांबड्या रेघेच्या वर एक फूट

सातारा-सांगलीला जाऊन आले म्हटलं की आमच्या नागपूरच्या शेजारणींचा पहिला प्रश्न ठरलेला, महाबळेश्वरला गेली होतीस का? नाही गेले. पाचगणी? तीही नाही. स्ट्रॉबेरी खाल्ली नाही, घोड्यावर बसले नाही, धुक्यात फोटो काढला नाही. "मग इतके दिवस तिकडे केलं तरी काय?" घरं पाहिली. मे महिन्यात, साठी उलटलेल्या आम्ही दोघी बहिणी गल्लीबोळांतून लोकांची घरं बघत फिरत होतो. हसा खुशाल. मीही आधी हसलेच होते.

जायचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. माझी थोरली बहीण सुमनताई लग्न होऊन सांगलीला गेली आणि पार सांगलीकरीण होऊन बसली. एकोणीस सालच्या महापुरात भाऊजी गेले. तेव्हापासून ती त्या घरात एकटी राहते, आणि पावसाळा तोंडावर आला की साताऱ्याला दिलेली तिची लेक रेवती जीव मुठीत धरून बसते. यंदा रेवतीने आपल्या घराजवळ आईसाठी एक फ्लॅट शोधला आणि मला फोन केला. "मावशी, तू ये. माझं ती ऐकत नाही. पाऊस लागायच्या आत आईला तिथून हलवायचं म्हणजे हलवायचंच." ताईला हलवणं? जन्मभर तिनेच मला हलवलेलं! तरी गेले. आधी साताऱ्याला उतरून ताईला फ्लॅट दाखवायचा, मग सांगलीला जाऊन तिचं सामान बांधायचं, असा बेत होता.

सातारा

साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर आहे. रेवती आणि ताई दोघी घ्यायला आल्या होत्या. ताई वाळली होती, पण तोंड तसंच. "कुंदे, लय जाडी झालीस," हे तिचं स्वागत. मी म्हटलं, "आणि तू लय बारीक. बोलणं तर पार कृष्णाकाठचं झालंय तुझं." रिक्षात बसेपर्यंत आमचं एक भांडण होऊन मिटलं होतं.

सातारा मी याआधीही पाहिलाय. म्हणजे काय पाहिलाय? कंदी पेढ्याचं दुकान, अजिंक्यतारा लांबून, रेवतीचं सासर. घरांकडे बघायचं कधी सुचलं नव्हतं. आमच्या नागपुरात घर बघताना पश्चिमेला किती भिंत आहे ते बघतात, कारण उन्हाळ्यात ती भिंत रात्रीसुद्धा तापलेलीच असते. कूलर कुठल्या खिडकीत बसेल ते बघतात. ताई मात्र घर बघते ते खालून. रिक्षा पेठेत शिरली तशी ती मला कोपराने ढोसायला लागली. "जोतं बघ. काळा दगड आहे. आता पुढचं बघ, जोतंच नाही, शटर थेट रस्त्याला टेकलंय. ह्याच्या पायऱ्या आतून आहेत. त्याला गच्चीवर जायला जिना बाहेरून आहे, ते बरं." मी वर बघत होते, सज्जे, गजांच्या खिडक्या, कोरलेले खांब, निळ्या टाक्या. ती खाली बघत होती. थोड्या वेळाने मीही खाली बघायला लागले, आणि सांगते तुम्हाला, गाव वेगळंच दिसायला लागलं.

सातारा उतारावर वसलेलं आहे. एकाची गच्ची म्हणजे दुसऱ्याचं अंगण. जुन्या घरांनी तो उतार समजून घेतलाय, वरच्या बाजूला बुटकं जोतं, खालच्या बाजूला उंच, म्हणजे आतली जमीन सपाट. नव्या इमारतींनी उतार खोदून काढलाय आणि खड्ड्यात गाड्या लावल्यात. मधे एखादं लाकडी घर दोन सिमेंटच्या भिंतींमध्ये अंग चोरून उभं असतं. खाली मोबाइलचं दुकान, वर कुणी राहत नाही, खिडकीत कबुतरं.

अशाच एका जुन्या घरापाशी ताई रिक्षातून उतरली आणि भिंतीजवळ गेली. छातीच्या उंचीवर तळवा ठेवून तिने भिंत आडवी चाचपली. पायरीवर एक म्हातारे गृहस्थ पान जुळवत बसले होते. ते म्हणाले, "काय हुडकताय, काकू?"

"पाणी कुठवर येतं तुमच्यात?" ताईने विचारलं.

म्हातारबुवा खो खो हसले. "पानी? आवं, हितं पानी येत न्हाई, आणाय लागतंय! त्या डोंगरातनं खापराच्या नळानं आणलं हुतं राजानं. ह्या पेठत हौद, त्या पेठत हौद. आमची आज्जी घागर घिऊन भांडायची हौदावर. आन तुमी इचारताय पानी कुठवर येतंय!"

आम्ही सगळे हसलो. ताई हसली नाही. "नशीबवान आहात," एवढंच म्हणाली आणि भिंतीवरून हात काढला.

हा प्रश्न सांगलीत कुणीही कुणाला विचारतं, हे मला मागाहून कळलं. आपण जसं 'जेवण झालं का' विचारतो, तसं नव्या माणसाची ओळख झाली की तिथे विचारतात, "तुमच्यात किती होतं?" उत्तर तयारच असतं. "गुडघ्याएवढं." "माळ्यापर्यंत." "आमच्यात नव्हतं," असं सांगणारा माणूस जरा ओशाळून सांगतो.

दुपारी फ्लॅट पाहिला. इमारतीचं नाव इंग्रजी, लिफ्टमध्ये भिंतभर आरसा, आणि दाखवणारा तरुण प्रत्येक वाक्यात 'व्ह्यू' म्हणत होता. चौथा मजला. फरश्या इतक्या गुळगुळीत की मी भिंत धरून चालले. देवाला कोनाडा नाही, वाळवणाला जागा नाही, पण उजेड छान होता आणि गॅलरीतून अख्खा अजिंक्यतारा समोर. ताई गॅलरीत गेली आणि कठड्यावरून वाकून खाली बघत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "इथे काही येणारच नाही."

"नाहीच येणार, आई," रेवती म्हणाली. "तेच तर."

"चांगलं आहे," ताई म्हणाली. "ह्यांना आवडलं असतं."

रेवतीने तिथेच मला मिठी मारली. संध्याकाळी तिने पेढे आणले. मीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, की बघा, कुंदा गेली आणि काम झालं. डोंबल झालं होतं. पण ते तेव्हा कुणाला ठाऊक!

माहुली

निघायच्या आदल्या दिवशी ताई म्हणाली, मला नदी बघायचीय. गावाबाहेर संगम माहुली आहे, तिथे वेण्णा येऊन कृष्णेला मिळते. दोन्ही काठांवर जुनी दगडी देवळं आहेत, आणि घाटाच्या पायऱ्या थेट पात्रात उतरतात. ज्याने हे बांधलं त्याने नदी वर येणार हे धरूनच बांधलंय. पायऱ्या बुडाव्यात म्हणूनच केल्यात. देऊळ त्यांच्या वर, निवांत. आपल्या इमारतींना जशी गाड्यांची सोय असते तशी ही नदीची सोय.

मे महिना, पात्र अगदी बारीक. बायका धुणं धूत होत्या, दोन म्हशी पाण्यात बसल्या होत्या. मी पायऱ्यांवर नवी चप्पल घालून उतरले आणि शेवाळावरून सरकून सपशेल बसले. धुणाऱ्या बायकांनी हसत हसत उठवलं, "आवं मावशी, हळू, हळू!" घोटा मुरगळला. पुढे सगळा प्रवास मी लंगडत केला आणि ताईने मला त्याबद्दल ऐकवत केला.

तिचं मात्र माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती शेवटच्या पायरीवर उभी होती. हीच कृष्णा महाबळेश्वरावरून उतरते, इथून पुढे वाट काढत सांगलीला पोचते. तिकडे डोंगरात पाऊस कोसळला की दोन-तीन दिवसांनी सांगलीच्या दारात पाणी. ताई त्या बोटभर पाण्याकडे बघून म्हणाली, "इथे बरी गरीब दिसतेस गं." असं म्हणाली, जणू एखाद्या नातेवाइकाला टोमणा मारावा. मग वाकून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. मला राग आला. ज्या नदीने नवरा नेला तिचं पाणी डोळ्यांना? मी बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तुला नाही कळायचं. तुमच्याकडे नाग नदी आहे." आमची नाग नदी म्हणजे गावातला नाला.

सांगली

सांगलीत शिरताना जुना दगडी पूल लागतो. त्याच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेत. पुराच्या दिवसांत सगळं गाव पुलावर येऊन ते आकडे वाचतं, घरी फोन करून सांगतं. आम्ही मे महिन्यात पारा किती चढला ते सांगतो ना, तसंच. त्या दिवशी खांब तळापर्यंत कोरडा होता, आणि पुलावर भेळेच्या गाड्यापाशी पोरंसोरं खात उभी होती.

भाऊजींच्या कार्याला मी इथे आले होते, पण तेव्हा कसली घरं आणि कसलं काय. सगळीकडे चिखल, रस्त्यावर ओल्या गाद्यांचे ढीग आणि तो वास. या खेपेला मात्र ताईची नजर लागली होती. भिंतीभिंतीवर रेघा आहेत, माय गं, किती रेघा! कुणी ऑइलपेंटने मारलेल्या, कुणी फरशीवर कोरून घेतलेल्या. खालची 'पाच'ची, म्हणजे दोन हजार पाच सालच्या पुराची. वरची 'एकोणीस'ची. औषधाच्या दुकानात गोळ्या द्यायच्या खिडकीवर एकोणीस, सलूनमध्ये आरशाच्या मध्यावर पाच. गिऱ्हाईक दाढी करून घेतंय आणि रेघ त्याच्या गळ्याशी.

नदीकाठच्या देवळाच्या बाजूला जुनी वस्ती आहे. तिथली दगडी जोती चढताना माझा मुरगळलेला पाय बोंबलला, इतकी उंच. जुन्या लोकांना नदी माहीत होती. नंतर मधली काही वर्षं अशी गेली की लोकांनी जमिनीलगत घरं बांधली, तुळशीवृंदावन, मोटारसायकल चढवायला उतार. आणि आता नव्या इमारती सगळ्या खांबांवर. खाली गाड्या, वर माणसं. जिथे तळमजल्यावर घरं आहेत तिथे बहुतेक दारांवर पाटी, भाड्याने देणे आहे. ताई म्हणाली, "राहतंय कोण तिथे? परगावचे राहतात एक पावसाळा, मग जातात."

आता भाऊजींचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ते साखर कारखान्यात बांधकामावर ओव्हरसियर होते. पाचच्या पुरात त्यांचं जुनं घर बसलं. पाणी उतरल्यावर भाऊजींनी कंपाउंडच्या खांबावर पाण्याच्या डागावरच तांबडी रेघ मारली, आणि बाबालाल मिस्त्रींना बोलावून नवं घर बांधायला घेतलं. जोतं तांबड्या रेघेच्या वर एक फूट. एकट्या त्यांनीच नाही, सगळ्या गल्लीने तसंच केलं. कुणी अर्धा फूट, कुणी एक. एवढा पूर कुणी जन्मात पाहिला नव्हता, तेव्हा याच्यापेक्षा मोठा येतो कुठून, असा सगळ्यांचा हिशेब. पाहुणा आला की चहाच्या आधी भाऊजी त्याला ती रेघ दाखवायला न्यायचे. मलाही नेलं होतं. "कुंदाताई, आता कृष्णामाई आली तरी उंबऱ्याबाहेर बसेल," म्हणाले होते. माझं लक्ष पोह्यांकडे.

एकोणीसला ती उंबऱ्याबाहेर बसली नाही. घरात कंबरेएवढं पाणी झालं. ताईला नावेतून नेलं होतं, भाऊजी मागे राहिले. दुसऱ्या दिवशी नाव गेली तेव्हा ते गच्चीवर, टाकीच्या आडोशाला पडलेले होते. छातीत कळ आली असणार, डॉक्टर म्हणाले. एवढंच मला माहीत होतं. ते मागे का राहिले, हे ताईने कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

तर रिक्षा घराशी थांबली आणि मी बघतच राहिले. घराभोवती चर खणलेला. भिंतींच्या खाली माती काढून लोखंडी तुळया सरकवलेल्या, आणि तुळयांखाली ओळीने जॅक, ट्रकचं चाक बदलायला लावतात तसले. अंगणात हरियाणाची माणसं चुलीवर रोट्या भाजत होती. बाबालाल मिस्त्री, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, सामोरे आले. "या, या. काकू, तुमी यायची वाट बघत थांबलो हुतो. उद्या सकाळी सुरवात करू."

"कसली सुरवात?" मी म्हटलं.

"घर उचलायचंय न्हवं," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून ताईकडे वळले. "सांगितलं न्हाई व्हय भनीला?"

नव्हतं सांगितलं. लेकीलाही नव्हतं. साताऱ्याला फ्लॅट बघून, 'चांगलं आहे' म्हणून, पेढे खाऊन आलेली ही बाई! मी रस्त्यातच तोंड सोडलं. "ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? घर उचलतात का कधी? आणि किती उचलणार?"

ताईने पिशव्या रिक्षातून काढल्या. शांतपणे म्हणाली, "एकोणीसच्या रेघेच्या वर एक फूट."

भाऊजींचंच वाक्य. आकडा तेवढा बदललेला.

घर वर जाताना

त्या रात्री मी जेवणार नाही म्हणून बसले, आणि झुणक्याचा वास आला तशी उठून दोन भाकऱ्या खाल्ल्या. भांडण जेवणानंतर पुढे चालू झालं. यापेक्षा मोठा पूर आला तर? "येईल तेव्हा बघू." रेवतीने काय करायचं? "तिला कळव तू. माझ्याच्याने सांगवत नाही." फोन मीच केला. पोरीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, तू तिला आणणार होतीस ना गं?"

सकाळी काम सुरू झालं. जॅक फिरत असताना घराबाहेर यायला ताईने साफ नकार दिला. मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आत, काय हुत न्हाई. ल्वाक झोपत्यात बी." म्हणून मीही आत. आता हे ऐका, कारण हे तुम्ही पाहिलं नसेल. बाहेर, घरं उचलायचंच काम करणाऱ्या त्या हरियाणाच्या माणसांचा मुकादम हाळी द्यायचा, "हां भाई, घुमाओ!" की सगळे एकदम आपापल्या जॅकचा दांडा थोडासा फिरवायचे. मग शांतता. मग पुन्हा हाळी. अख्खं घर, भिंती, गच्ची, टाकी, देव, कपाटं आणि आम्ही दोघी, केसाएवढं वर. मी चहाचा कप टेबलावर ठेवून त्याच्याकडे डोळे लावून बसले होते. चहा हललासुद्धा नाही. फक्त खिडकीतून दिसणारं कंपाउंड हळूहळू बुटकं होत होतं.

असं सहा-सात दिवस चाललं. माझं परतीचं तिकीट होतं ते मी बदललं. पहिले काही दिवस घर फार वर नव्हतं, तेव्हा संध्याकाळी आम्ही उतरून फिरायचो. एकदा हरिपूरला गेलो. तिथे पूर्वी हळद जमिनीत पुरून ठेवायची पेवं होती. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत मोठी खोली. ती हळद वर्षानुवर्षं टिकायची म्हणे. पाचच्या पुराचं पाणी आत शिरलं आणि बहुतेक पेवं गेली. ताईने मला एक बुजलेलं तोंड दाखवलं, वर एरंड उगवलेला. आम्ही भडंग खात उभ्या होतो. ती म्हणाली, "खाली बांधलेलं गेलं, वर बांधलेलंही गेलं." आणि कागद चुरगळून पिशवीत टाकला.

बाबालाल मिस्त्री रोज यायचे. जॅकने घर वर गेलं की खालची पोकळी विटांनी भरायचं काम त्यांचं. एकदा मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, तुम्ही तरी तिला समजवा. ते तळहातावर तंबाखू-चुना मळत होते, मान वर न करता म्हणाले, "आमच्यात बी तेच झालं की. मी माजं सोताचं जोतं पाचच्या वर घेतलंवतं. आमी समद्यांनीच पाचवर भरवसा ठिवला. सायेब एकटं न्हवतं."

"मग आता एकोणीसवर भरवसा?"

"आता कशावर ठिवायचा, सांगा," ते म्हणाले.

ताईने सांगितलं ते पाचव्या की सहाव्या दिवशी, दुपारी. बाहेर हाळ्या चालू होत्या, आम्ही दाराशी मेथी निवडत बसलो होतो. तिने निवडता निवडताच सुरुवात केली.

"नाव इथे लागली होती. ह्या दाराशी. पाणी वरून दुसऱ्या पायरीवर. मी पिशवी घेऊन बसले, म्हटलं, चला. ते दारातून हलेनात. म्हणाले, तू हो पुढे, अजून एक फूट शिल्लक आहे. नाववाला म्हणाला, सायेब, चला. तर म्हणाले, हे घर मी बांधलंय, मला माहीत आहे."

मी मेथीची दुसरी जुडी सोडली.

"मी उतरायला पाहिजे होतं, कुंदे. हात धरून ओढायला पाहिजे होतं. आणि मला भीती वाटत होती. पाण्याचा आवाज फार होता. मी बसूनच राहिले. नाव वळली तर ते हात हलवत होते. मी गावाला निघाल्यासारखं."

तिचे हात थांबले नव्हते. काड्या एकीकडे, पानं एकीकडे.

"लोक म्हणतात, हट्टी माणूस. रेवतीसुद्धा म्हणते, बाबांनी हट्ट केला. मी साताऱ्याला राहायला गेले की मीही तेच म्हटल्यासारखं होणार. हट्टी नव्हते गं ते. त्यांचं चुकलं नव्हतं, कमी पडलं. जेवढं कमी पडलं तेवढं मी भरून घेतेय."

"आणि परत पाणी आलं तर? ताई, खरं सांग. नाव आली तर बसशील ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी ताप अंगावर काढायचे तेव्हा पाहायची तसंच, लबाडी ओळखल्यासारखं. म्हणाली, "नावेत मी एकदा बसले. परत नाही बसायची."

मी रडले. मोठ्याने रडले, लाज न बाळगता. हरियाणाच्या मुकादमाने आत डोकावून पाहिलं आणि परत गेला. ताई उठली, मेथी धुवायला घेतली. इथवर मी भांडत होते ते घराबद्दल. आता भांडायला काही उरलंच नव्हतं. त्या दिवसानंतर मी तिच्यापाशी साताऱ्याचा विषय एकदाही काढला नाही.

निघताना

मी निघाले त्या सकाळी घर ठरल्या उंचीला पोचलं होतं. गल्लीतली माणसं बघायला जमली होती. प्रत्येकजण आपल्या अंगणात उभं राहून आपल्या उंबऱ्याशी ताडून पाहत होता. दोघांनी मुकादमाचा फोन नंबर घेतला. शेजारच्या नव्या इमारतीच्या पार्किंगमधून एक बाई म्हणाली, "शोभतंय हो, काकू!" आणि खरंच शोभत होतं. रिकाम्या जागेत विटा रचल्या जात होत्या, त्यांचा तांबडा पट्टा घराखाली कोरा करकरीत.

फक्त पायऱ्या अजून बांधल्या नव्हत्या. मला शिडीवरून उतरवलं, खालून दोघांनी धरून, वरून ताईच्या सूचना ऐकत. ताईला शिडी जमण्यासारखी नव्हती, पायऱ्या चालतात, पण शिडीला तिचे गुडघे वाकत नाहीत. पायऱ्या होईपर्यंत ती वरच राहणार होती. माझा डबा बाबालाल मिस्त्रींनी तिच्या हातून घेऊन मला दिला. गरम होता.

मी खाली उभी, ती दारात. नमस्कार करायला तिचे पाय माझ्या डोळ्यांसमोर होते, पण मधे चर. मी टाचा उंचावून हात पुढे केला. ती चौकट धरून वाकली, जेवढं वाकता येईल तेवढी. बोटं पोचली नाहीत. "असू दे, असू दे," ती म्हणाली. "पोचलीस की फोन कर. गाडीत पाणी पीत जा."

रिक्षावाला घाई करत होता. मी मान वर करून ताईकडे पाहत होते, आणि एवढ्या दिवसांत तिनेच शिकवलेल्या नजरेने मला स्पष्ट दिसत होतं, की ही उंची पुरणार नाही. तिलाही ते माहीत होतं. ती दारात उभी राहून हात हलवत होती.